जिन्याखालचा माणूस

रूपेशला संशय आला तो एका दाराच्या करकरण्यावरून. दुपारी एकला त्याने कचेरीतून घरी फोन केला, तेव्हा सुषमाच्या मागे कुठलंसं दार सावकाश करकरत उघडलं. तलासरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांना दारं दोनच, तीही पत्र्याची. ती धाडकन आपटायची. करकरणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"कोण आलं गं?"

"कोणी नाही. टीव्ही चालू आहे."

टीव्ही चार दिवसांपासून बिघडलेला होता. रूपेशने अर्धा डबा तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय असं सांगून तो दुपारीच घरी निघाला. सुषमा घरी ब्लाउज शिवायची. तिच्या मशीनची खडखड गल्लीच्या तोंडापर्यंत यायची. आज मशीन गप्प होतं. खिडकीचा पडदा भर दुपारी ओढलेला होता. रूपेशने गजाला कान लावला. आत कोणीतरी जड बूट घालून फळ्यांवरून चालत होतं. घरात तर लादी होती! मग तो माणूस खोकला.

"थांब, थांब," सुषमाचा आवाज आला. "परत एकदा खोक ना."

तो परत खोकला.

"अगंबाई, काय सुंदर खोकतो हा!"

फायलींच्या धुळीने रूपेश स्वतः सहा महिने खोकत होता. त्याला काढ्यापलीकडे काही मिळालं नव्हतं.

घरात घुसून त्या माणसाची गचांडी धरावी असं त्याला फार वाटलं. पण बुटांच्या आवाजावरून माणूस नव्वद किलोच्या खाली नसावा. त्याने जवळच्या वेवजी गावी सासूला फोन लावला.

"आई, ताबडतोब या. सुषमाच्या घरात माणूस आहे!"

"मग? घर तुमचंच ना, जावई?"

"तो मी नाही, आई! मी बाहेर आहे!"

अर्ध्या तासात सासू, जिवली, रिक्षाने आली. शेतावरून तशीच निघाली होती, कमरेचा कोयताही तसाच. तोवर रूपेश खिडकीखाली वाकून उभा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "किल्ली पडलीय" म्हणून सांगत होता. जिवलीने डोळे मिटून गजाला कान लावला.

"एक नाही, दोन आहेत. दुसरा लंगडतोय."

"दोन?"

तेवढ्यात आत सारंगीसारखं काहीतरी वाजू लागलं.

"वाजवणारासुद्धा आणलाय!" रूपेश रडकुंडीला आला.

मग घोडा खिंकाळला. जिवली घराला वळसा घालून आली आणि आता तिने जावयाकडेच संशयाने पाहिलं.

"घोडा तर कुठे दिसत नाही. तुम्ही आत जाऊन बघितलंत काय?"

"दार बंद आहे ना!"

जिवलीने दाराला बोट लावलं. ते नुसतं लोटलेलं होतं.

आत सुषमा एकटीच बसली होती, डोळे मिटून. समोर कम्प्युटर, दोन बाजूंना दोन स्पीकर. रूपेशने कॉटखाली पाहिलं, कपाट उघडलं.

"कुठाय तो?"

"कोण?"

"खोकणारा!"

"तो होय? जिन्याखाली," म्हणून तिने कम्प्युटरच्या पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर काळोख होता. "गेम आहे हा. गावात खुनी लपलाय, त्याला कानानेच शोधायचं. आठ दिवस झाले, सापडत नाही."

"मग टीव्ही म्हणून का सांगितलंस?"

सुषमा खाली बघू लागली. "शेजारचा नितीन वापीला जाताना कम्प्युटर इथे ठेवून गेला, तेव्हा तुम्हीच म्हणालात, गेम म्हणजे रिकामटेकड्यांचे धंदे. तुम्ही हसला असता." मग तिने त्याला स्पीकरच्या मधोमध बसवलं. "ऐका तरी. फळीवरचं पाऊल वेगळं, चिखलातलं वेगळं. धोका जवळ आला की सारी वाद्यं थांबतात, एकच तार वाजत राहते. कोणीतरी बसून एकेक आवाज घडवलाय हो."

रूपेशने ऐकलं. त्याच्या मानेमागे कोणीतरी श्वास सोडला. त्याने दोनदा वळून पाहिलं. जरा उशिराच, पण त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"हा पाऊस कौलांवर पडत नाही, पत्र्यावर पडतोय," जिवली एकाएकी स्पीकरकडे कान देत म्हणाली. कोयता तिने केव्हाच खाली ठेवला होता. "लंगडा पत्र्याच्या शेडमध्ये आहे. त्याच्याकडे चल, बाय."

सुषमाने गेम तिकडे वळवला. आठ दिवस न उघडलेली वाट उघडली. मायलेकी एकदम ओरडल्या. मग जिवलीने मान न वळवता फर्मावलं, "जावई, दूध आणा. चहा लागेल आता."

रूपेश दूध घेऊन आला तेव्हा आतून कडी लागलेली होती. त्याने दार वाजवलं.

"ऐकलंस, आई? कोणीतरी दार वाजवतंय."

"उघडा! अहो, मी आहे मी!"

"उघडू का गं?"

जिवली बराच वेळ कान देऊन होती.

"नको. मला हाच खुनी वाटतो," ती म्हणाली. "वाजवू दे अजून थोडं. नीट ऐकून घेऊ."