आर्टिस्ट काकांच्या दोन ओळी

आमच्या गल्लीतल्या आर्टिस्ट काकांशी बोलायला जाणार असाल, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तिसरं वाक्य बोलायचं नाही. तिसऱ्या वाक्याला तुम्ही तोंड उघडलंत, की काकांचा उजवा हात वर जातो, दोन बोटं उभी राहतात आणि ते म्हणतात, "बस्. दोन झाल्या."

दोन झाल्या म्हणजे दोन ओळी झाल्या. आता माणूस बोलायला आलाय की कविता म्हणायला, याचा काही विचार? एकदा मी पळत पळत त्यांच्या दारात गेले. म्हटलं, "काका, तुमची गच्चीवरची टाकी भरून वाहायलीय. पाणी पार जिन्यावरून खाली यायलंय. मोटर—" झालं! दोन बोटं वर. लातुरात पाणी वाया जाणं म्हणजे काय, ते लातूरकरालाच ठाऊक. मी तिसरं वाक्य गिळलं आणि स्वतःच आत जाऊन मोटर बंद केली.

आता मी कोण ते सांगते. मी मंदा. लातुरात क्लासच्या पोरापोरींसाठी मेस चालवते. गावोगावची लेकरं इथं डॉक्टर व्हायला येतात आणि माझ्या हातच्या पोळ्या खाऊन अभ्यास करतात. पोळ्या लाटायच्या आणि बोलत राहायचं, हा माझा दिवस. मला दोन वाक्यांत साधी भाजीसुद्धा विकत घेता येत नाही. अशा बाईच्या भिंतीला भिंत लावून देवानं हा माणूस आणून ठेवला, आता काय म्हणावं!

आर्टिस्ट काका पासष्टीच्या पुढचे. सदऱ्यावर कुठला ना कुठला रंग सांडलेला, कानावर पेन्सिल. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा मूळ धंदा. फ्लेक्स आले आणि तो बसला. पण काका बसले नाहीत. गणपतीच्या दिवसांत मूर्तींचे डोळे आखायला त्यांनाच बोलावणं यायचं. भजनात पेटी त्यांची. थर्माकोलचं मखर त्यांचं. नाटकात राजा तेच आणि मागचा राजवाडाही त्यांनीच रंगवलेला. दारावर पाटी होती, "सर्व कला येथे होतील." खाली नाव नाही. गल्लीत लहानथोर सगळे आर्टिस्टच म्हणायचे, त्यामुळं खरं नाव काय हे मलाही ठाऊक नव्हतं. एकदा मी सरळ विचारलंच, "काका, तुमचं नाव काय हो?"

"आमच्या मंडळीला पुसा. ती सांगंल."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

माझ्या मेसची पाटी त्यांनीच रंगवली. मी त्यांना चांगलं बजावून सांगितलं होतं. वर मेसचं नाव, खाली जेवणाच्या वेळा, रविवारी काय गोड असतं ते, डबा पोचवतो की नाही ते, आणि शेवटी फोन नंबर. चार दिवस मेसच्या दारावरच्या पत्र्यावर चादर टांगून काका आतून रंगवत होते. चादर काढली तर पत्र्यावर फक्त एवढंच:

घरची आठवण येईल तेव्हा,
इथं या अन् पोटभर जेवा.

मी असली भडकले म्हणता! "काका, फोन नंबर कुठंय? वेळा कुठायत? मला काय कवितेची मेस काढायचीय?" दोन बोटं वर. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी किनवटकडची एक पोरगी पाटीखाली उभी राहून रडताना दिसली. तिला आत घेतलं, जेवू घातलं. ती पाटी अजून तशीच आहे. फोन नंबर मी खाली खडूनं लिहिते, पावसात पुसतो, परत लिहिते.

एकदा इथल्या एका कॉलेजात कविसंमेलन होतं. काकांनाही बोलावलं, मीही ऐकायला गेले. बाकीचे कवी एकेक जण पानंच्या पानं वाचत होते, पुढची पोरं मोबाइलात मान घालून बसलेली. काकांचं नाव पुकारलं, म्हणजे "आर्टिस्ट काका" असंच पुकारलं. काका चढले, दोन ओळी म्हणाले आणि उतरले. फोटोग्राफर अजून कॅमेरा सरळ करत होता. तो मागून ओरडला, "काका, परत एकदा चढा की!" पोरांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला.

मग तिथल्या एका मॅडमनी त्यांना माइकसमोर धरलं. "आपण चित्रकार आहात, वादक आहात, नट आहात. मग कवितेत एवढा छोटा प्रकार का निवडलात? आपली प्रेरणा काय?"

काका म्हणाले, "प्रेरणा घरी हाय. दुपारची झोपती."

सगळा हॉल हसला. मीही हसले. तेव्हा मला काय माहीत!

काकांच्या दोन ओळी सगळ्यात जास्त खपायच्या त्या लग्नसराईत. आजकालच्या पोरींना नवऱ्याला नावानं हाक मारता येते, पण उखाणा येत नाही. मग त्या यायच्या काकांकडं. काका कागदावर दोन ओळी लिहून द्यायचे आणि नावाच्या जागी टिंबं टिंबं टिंबं. ते नाव कधीच लिहायचे नाहीत. नवऱ्या मुलाचं नाव सांगायला गेलं तर कानांवर हात ठेवायचे.

चाकूरच्या एका पोरीला त्यांनी असाच उखाणा दिला.

सासरच्या वाटंवर पुसलं नाही गाव,
ज्यांच्यामागं आले ते ………… राव.

पोरीनं घोकून घोकून पाठ केला. मांडवात सगळे म्हणाले, घे नाव. तिनं पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली, टिंबांपाशी आली आणि थांबली. घाबरून तिला नावच आठवेना. सासू बघतीय, करवली कोपर मारतीय, पोरगी घामेजलेली. शेवटी नवऱ्या मुलाला राहवेना, तो स्वतःच ओरडला, "ओम! ओम!" गुरुजींना वाटलं मंत्र सुरू झाला, त्यांनी पुढचा म्हणायला घेतला.

ही गोष्ट मी काकांना सांगायला गेले तेव्हा हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी होतं. "नाव लिहून द्यायला काय होतं हो तुम्हाला?" मी म्हटलं.

काका हसले नाहीत. "नाव बायकोनं घ्यायचं असतंय. म्या लिहून दिलं तर ते घेणं कसलं?"

आता गोदाकाकूंचं सांगते. काकांची मंडळी. माहेर नांदेडचं. रंगानं सावळ्या, बोलायला गोड आणि हाताला अशी चव, की माझ्या मेसच्या आमटीत मीठ किती ते मी त्यांना विचारून घालायची. पापडाच्या दिवसांत आम्ही दोघी गच्चीवर बसून गल्लीभराच्या चुगल्या करायचो. मग हळूहळू काकूंचं विसरणं सुरू झालं. काकांच्या दोन ओळीही त्याच सुमाराच्या, पण ते माझ्या ध्यानात आलं नाही. आधी वरणात दोनदा मीठ. मग एक दिवस फाटकाशी उभ्या राहून मला म्हणाल्या, "बाई, घाटाकडं कुठून जायचं हो? पाणी आणायचंय." लातुरात कसला आलाय घाट! मी त्यांना हाताला धरून घरात नेलं. आत काका पाटी रंगवत बसले होते. काकू माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "रंगवायला आलाय बिचारा. सकाळधरनं काम करून राहिला, त्याला चहा तरी द्या."

काकांनी तो चहा घेतला. "लई ग्वाड झालाय, बाई," म्हणाले.

तेव्हापासून काका त्या घरात रंगवायला आलेला माणूस झाले. काकू त्यांना जेवायला वाढायच्या, पण पाटावर नाही, ओसरीत. अधूनमधून विचारायच्या, "कधी संपायचं हो तुमचं काम?" काकांनी भजन सोडलं, गणपती सोडले. संध्याकाळी ओट्यावर पेटी घेऊन बसायचे आणि दोन सूर धरून ठेवायचे, पुढं जायचेच नाहीत. माझ्या मेसमध्ये पोरांचा गलका चाललेला आणि भिंतीपलीकडं हा माणूस एकटा. मला लई वाईट वाटायचं.

एका दुपारी मी वाटीत आमटी घेऊन गेले, तर आतून काकांचा आवाज आला. काकू नुकत्याच झोपून उठल्या होत्या. काका त्यांच्या समोर जमिनीवर बसून म्हणत होते:

"उदगीरच्या बाजारात पुसला बांगड्यांचा भाव, डझनभर घेऊन आले…"

आणि थांबले. काकूंकडं बघत राहिले.

काकूंनी डोळे बारीक केले. "कासार!"

"न्हाई," काका म्हणाले. "आता हे बघा. चुलीवरच्या पिठल्याचा वास गेला गावोगाव, सगळ्यांच्या आधी ताटावर बसले…"

काकू खूश झाल्या. "पाव्हणे!"

मला हसू फुटलं, आणि काकांचा चेहरा बघून ते तिथंच थांबलं. काकूंनी उभ्या जन्मात कधी नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती. 'अहो', 'ऐकलंत का', 'आमचे हे', एवढंच. नाव तोंडातून निघालं ते फक्त उखाण्यात. आता ते काढायचं तर त्याच वाटेनं काढावं लागणार होतं, आणि काका रोज दुपारी ती वाट झाडून ठेवत होते.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, "दोनच ओळी का हो, काका? चांगलं चार ओळींचं सांगून बघा की."

"तिसऱ्या ओळीला तिची पहिली सुटती. म्हणून दोनच."

ते स्वतःच पुढं म्हणाले, "आई गेली, थोरला भाऊ गेला. आता माझं नाव घेणारी ती एकटीच हाय."

दिवसभर बडबड करणारी मी, वाटी तशीच हातात घेऊन घरी आले. आमटी देऊन यायचीसुद्धा विसरले.

संक्रांतीला माझ्या घरी हळदीकुंकू होतं. काका काकूंना घेऊन आले. हिरवं लुगडं त्यांनीच नेसवलेलं. निऱ्या नाटकाच्या पडद्याला पाडतात तशा, एकीला एक मोजून जुळवलेल्या. दारात थांबून म्हणाले, "मी हितंच हाय. चपला माझ्याजवळ द्या."

आत बायकांची गर्दी. समोरच्यांची नवी सून आली होती, सगळ्या तिच्या मागं लागल्या, नाव घे, नाव घे. तिनं लाजत लाजत काकांचाच उखाणा काढला. "सासरच्या वाटंवर पुसलं नाही गाव, ज्यांच्यामागं आले ते…" आणि लाजून तोंडाला पदर लावला. बायका "पुढं, पुढं" करायला लागल्या.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या काकू ताठ झाल्या. पदर डोक्यावर ओढला. आवाज असा निघाला, जणू कालच लग्न झालंय.

"नांदेडच्या घाटावर गोदेला आलं पाणी,
व्यंकटरावांचं नाव घेते, सासू माझी शहाणी."

बायका खो खो हसल्या, टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाली, "सासूला शहाणी म्हणणारी पहिलीच बघितली बाई!" मला क्षणभर कळेना, हे व्यंकटराव कोण. मग कळलं, आणि मी हातातलं तबक तसंच ठेवून दाराकडं पळाले.

काका दाराबाहेर भिंतीला टेकून उभे होते. काकूंच्या चपला दोन्ही हातांनी छातीशी धरलेल्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"घेतलं, ताई," ते म्हणाले.

मी दुसऱ्या ओळीची वाट बघितली. ती आलीच नाही.

मागून काकू आल्या, ओंजळीत वाण धरून. काकांनी वाकून त्यांच्या पायांपुढं चपला ठेवल्या. काकूंनी चपला घातल्या आणि त्यांच्याकडं नीट बघितलं. "तुम्ही कोण? आमचे हे येणार हायेत मला न्यायला."

मी पुढं व्हायला लागले. काकांनी माझ्याकडं न बघताच हात वर केला, दोन बोटं.

"त्यांनीच पाठवलंय मला. चला."

काकूंनी जरा विचार केला. मग गटारीवरची फरशी डुगडुगते म्हणून त्यांचा हात धरला. जाता जाता विचारत होत्या, "बरे हायेत ना ते?"

"हाव," काका म्हणाले. "लई बरे हायेत आज."

ते दोघं चालायला लागले. मला आठवलं, काकांच्या हातावर तिळगूळ ठेवायचा राहिलाच. इतकी वर्षं ज्या माणसाला मी आर्टिस्ट काका म्हणत आले, त्याला मी आज मुद्दाम, गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "अहो व्यंकटराव! तिळगूळ राहिला!"

दोघंही एकदम मागं वळले. काका माझ्याकडं बघत होते. आणि गोदाकाकू, त्यांचा हात तसाच घट्ट धरून, टाचा उंचावून सगळ्या गल्लीत बघत होत्या, कुठं आलेत ते.