नववी ब मधील राजाचा लांबलेला मृत्यू

मृत्यू अटळ असला, तरी तो पस्तीस मिनिटांच्या तासिकेत बसवणे सोपे नसते. हे सत्य १९८३ साली बोरिवलीतल्या एका शाळेत नववी ब ला इंग्रजी शिकवणाऱ्या दशरथ गवाणकर सरांना उमगले, आणि तेही प्रोबेशनच्या दुसऱ्या वर्षी. (प्रोबेशन म्हणजे शिक्षक शिपायालाही नमस्कार करतो तो काळ. पुढे तो कायम होतो आणि नमस्कार बंद पडतात.)

पुस्तकात एका राजाचा नाट्यप्रवेश होता. राजाला विष देतात, तो बावीस ओळी बोलतो आणि मरतो. पूर्वीचे शिक्षक हे काम एका तासात उरकत. परंतु मे महिन्यातल्या प्रशिक्षणात सरांना सांगण्यात आले, की नाटक वाचायचे नसते, करायचे असते, आणि केलेल्या प्रत्येक ओळीचा अर्थ लावायचा असतो. सर सांगितलेले मनावर घेणारे होते. त्यांनी शुक्रवारचा तास नाट्याला दिला.

त्या तासाची वाटणी अशी: हजेरी, सात मिनिटे. बाके सरकवून राजवाडा उभारणे, सहा. राणी कोण, यावरून एथेल आणि नंदाचे भांडण, पाच. मुकुट शोधणे, तीन. उरलेल्या वेळात राजा एक ओळ बोले, आणि तिचा आशय, अलंकार व शिकवण फळ्यावर उतरेपर्यंत घंटा होई. अशा रीतीने जुलैत विष प्यालेला राजा गणपतीत ठणठणीत होता, आणि सहामाहीत सहा विषयांत पासही झाला.

राजा होता गोराईचा बर्नार्ड. तो खाडी ओलांडून होडीने शाळेत येई. मोठी ओहोटी असली की होडी अडे आणि मरण एक आठवडा पुढे जाई. दुसरा राजा नेमा, असे मुख्याध्यापिका रुक्मिणीबाईंनी सुचवून पाहिले. पण विष एकाने प्यावे आणि मरावे दुसऱ्याने, हे सरांच्या मनाला पटेना.

अडचण एकच होती. काय शिकवले याची नोंद जिच्यात करायची, त्या टाचण वहीत सरांनी रीतीप्रमाणे आधीच लिहून टाकले होते: 'राजाचा मृत्यू, २६ ऑगस्ट. पूर्ण.' खाली रुक्मिणीबाईंची सही.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी तपासणीचे साहेब आले. सरांना कायम करायचे की घरी पाठवायचे, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होते. साहेबांनी वही उघडली.

"राजा ऑगस्टमध्ये मेला?"

"हो, साहेब."

"राजा झालेला मुलगा कुठाय?"

"नाहीये, साहेब," सर म्हणाले. ओहोटी होती. वर्गाने माना खाली घातल्या. साहेबांना हे गांभीर्य आवडले.

इतक्यात दारात बर्नार्ड उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात चपला.

"मे आय कम इन, सर?"

"हा कोण?" साहेबांनी विचारले.

एथेल उठली. (त्या आठवड्यात राणी तीच होती, आणि नवऱ्याला सांभाळून घेणे तिला भाग होते.) "राजाचं भूत, सर."

साहेब बराच वेळ चिखलाकडे पाहत राहिले. "मुकुट गेला, माती उरली," ते हळूच म्हणाले. "हे पुस्तकात नाही, गवाणकर. तुम्हाला सुचलं?"

"सर, होडी गाळात रुतली ना, म्हणून मी..." बर्नार्ड सांगू लागला.

"गप रे. साहेब बोलतायत ना," सर म्हणाले. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण घरी या नोकरीवर डोळे लावून बसलेली माणसे पाच होती, आणि लाज एकटीच होती.

सर कायम झाले. जानेवारीत परिपत्रक निघाले: 'उपनगरांतील सर्व शाळांनी राजास गुडघ्यापर्यंत चिखलासह परत आणावे.' मुलुंडच्या एका शाळेला चिखल मिळेना, तिने गेरू वापरला. घाटकोपरहून राजा झालेल्या मुलींसाठी घोट्यापर्यंतची सवलत मागण्यात आली, ती मंजूर झाली. एप्रिलच्या सामाईक प्रश्नपत्रिकेत चार गुणांना प्रश्न आला: राजाच्या पायांना चिखल का होता? नमुना उत्तर: सत्ता नश्वर असते म्हणून.

तीन हजार एकशे बारा मुलांपैकी तीन हजार एकशे अकरा जणांनी ते बरोबर लिहिले. बर्नार्डने लिहिले, 'ओहोटी होती.' इंग्रजी वाक्य, एकही चूक नाही.

पेपर गवाणकर सरांकडेच आला. त्यांनी लाल पेन उघडले, बंद केले, चहा मागवला. त्यांना फार वाईट वाटले. मग त्यांनी शून्य दिले, कारण उत्तर नमुन्याशी जुळत नव्हते.

बर्नार्ड तीन गुणांनी नापास झाला आणि वडिलांबरोबर मासेमारीला जाऊ लागला. बाकीचे तीन हजार एकशे अकरा जण पुढे शिकले, चांगल्या नोकऱ्यांना लागले, त्यांना वाचनाची गोडीही लागली. त्यांपैकी बरेच जण या क्षणी हे वाचत आहेत, आणि बर्नार्डचे नापास होणे हे नेमके कशाचे प्रतीक असावे, याचा विचार करत आहेत.