भास्करराव अस्वलाची गोळी

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वल राहत होतं. त्याचं नाव भास्करराव. वय म्हणाल तर मधलं. म्हणजे झाडावर स्वतः चढायचं आणि उतरताना बायकोला हाक मारायची, ते वय.

भास्कररावांच्या रक्तात साखर वाढली. त्यांना जंगलाच्या दवाखान्यात दाखल केलं. शेजारच्या खाटेवर यशवंतराव रानडुक्कर होते. दुखणं तेच.

डॉक्टर टिटवीबाई म्हणाल्या, "भास्करराव, तुमच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून देते. ते गोळीची आठवण करील. महिन्याने तपासू. साखर उतरली तर रोज चमचाभर मध. नाही उतरली तर मध कायमचा बंद."

भास्कररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मधाशिवाय जगायचं तरी कशासाठी, हे त्यांना खरंच कळेना.

"पण मला त्या मोबाईलमधलं काही कळत नाही हो," ते म्हणाले. हे म्हणताना ते 'जुने जंगलकर' ग्रुपवर सुप्रभातचं कमळ टाकत होते.

घरी आल्यावर जेवण झालं की ॲप म्हणे, "भास्करराव, गोळी घ्या."

"हा कोण मला शिकवणार?" असं म्हणून भास्कररावांनी त्याचा आवाजच बंद केला.

त्यांची बायको सुलोचना काळजीत पडली. पण नवरा कुणाचं ऐकतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने शेजारच्या माकडाकरवी ग्रुपवर एक मेसेज सोडला. 'जेवणानंतर डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या. ऋषिमुनींचं हजारो वर्षांचं गुपित. पटलं तर पुढे पाठवा.'

भास्करराव वाचून गहिवरले. "बघ, सुलोचना," ते म्हणाले, "आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं."

मग रोज जेवण झालं की ते कामाला लागत. मेसेज यशवंतरावांना पाठवत, साखर वाढलेल्या हत्तीला पाठवत, सशांना पाठवत. मगरीने उत्तरादाखल हात जोडले की हेही हात जोडत. तेवढ्यात वामकुक्षीची वेळ होई.

महिन्याने साखरवाले सगळे तपासणीला गेले. यशवंतरावांची साखर उतरली होती. हत्तीची उतरली होती. भास्कररावांची मात्र शेंड्याला पोचली होती.

"गोळ्या घेतल्या नाहीत?" टिटवीबाईंनी विचारलं.

"अहो, सगळ्यांना पाठवायचं म्हणजे वेळ कुठे मिळतो?" भास्करराव म्हणाले.

मध बंद झाला. कायमचा.

यशवंतरावांनी तिथेच पहिला चमचा चाटला. "तुमच्या मेसेजमुळेच बरं का," ते कृतज्ञतेने म्हणाले आणि चमचा उलटा करून पुन्हा चाटला.

 भास्कररावांनी डोळे पुसले, मोबाईल काढला आणि साऱ्या जंगलाला एक नवा मेसेज धाडला. 'मध खाण्याचे भयंकर दुष्परिणाम. जरूर वाचा.'

तात्पर्य : आरोग्याचा सल्ला फार मोलाचा असतो. तो स्वतःवर वाया घालवू नये.