ठवकरकाकांचा पाला

मी एकदा शेजाऱ्यांच्या स्ट्रॉबेरीच्या रोपांचं पान न् पान खुडून काढलं होतं. रागानं नाही हो, प्रेमानं! वर कमरेवर हात ठेवून स्वतःच्या कामाकडे कौतुकानं पाहिलंही होतं. तेव्हा मी नवी नवरी होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. पुढं ते कळणं वर्षावर्षाला कमी होत गेलं.

ती रोपं ठवकरकाकांची. भिलाईत सेक्टरमध्ये आमच्या क्वार्टरला लागूनच त्यांचं क्वार्टर. काका प्लांटमध्ये भट्टीवर होते. वितळलेल्या लोखंडाचं तापमान मोजायचं, हे त्यांचं काम. आणि ड्यूटी संपली तरी त्यांचं मोजणं संपत नसे. लोकांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशातून लांबडा थर्मामीटर डोकावायचा. तो चहात बुडवायचे, डोळे बारीक करून बघायचे, मगच कप तोंडाला लावायचे. कोणी भेटलं की नमस्काराऐवजी, "काय, टेम्परेचर कंट्रोलमधे?" माझ्यावर सासूबाईंचा आवाज चढला की भिंतीपलीकडून हाक यायची, "वहिनी, हीट वाढून राहिली!" सासूबाईंना हसू फुटायचं आणि मी वाचायचे.

घरात ते एकटेच. काकू माहेरी, चिखलदऱ्याला असतात, एवढंच ऐकलं होतं. हे माहेरपण जरा जास्तच लांबलंय, असं मनात यायचं. पण नव्या सुनेनं विचारायचं कोणाला?

माझं माहेर वाईचं, हे कळल्यावर काका एकदम उभेच राहिले. "म्हणजे महाबळेश्वरच्या पायथ्याचं! सूनबाई, स्ट्रॉबेरीतलं कळते का तुले?"

"आमच्याकडं काय, लहानपणापासून तेच!" मी पदर सावरत म्हटलं.

खरं तर मी स्ट्रॉबेरी पाहिली होती ती एस.टी. स्टँडवर, कागदाच्या पुड्यात. ती झाडाला लागते की वेलाला, देवाला ठाऊक. पण सासरी माहेरची अब्रू सांभाळावी लागते.

दिवाळीला माझा भाऊ ओल्या गोणपाटात गुंडाळून रोपं घेऊन आला आणि काकांची दुसरी भट्टी सुरू झाली. कुंड्या ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरल्या. मातीवर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरलं. दुपारच्या उन्हाला मच्छरदाणीचं छप्पर, रात्रीच्या थंडीला पोत्याचं पांघरूण. "याले पाय थंडे लागते अन् डोक्यावर कोवळं ऊन," काका मला समजवायचे, आणि मी वाईची, म्हणून जाणत्यासारखी मान हलवायचे.

मार्गशीर्षात त्यांना लग्नाला गोंदियाला जायचं होतं. रिक्षात बसता बसता ओरडले, "सूनबाई, रेडिओवर सांगितलं, अंबिकापूरकडे पाला पडला! पाल्यापासून झाडं वाचवशील वं! पाला लई वाईट!"

आता पाला म्हणजे काय, हे वाईच्या मुलीला कोणी शिकवायचं? पाला म्हणजे पानं. पानं रोपाचा जोर खात असणार. मी पाटावर बसले आणि मेथी निवडावी तशी रोपं निवडली. निघालेली पानं शेजारच्या गाईला घातली. तेवढंच पुण्य.

काका परतले. कुंड्यांतून काड्या वर आलेल्या.

"कोणाचं ढोर शिरलं होतं वं?"

"मीच काढला सगळा पाला," मी अभिमानानं म्हटलं. "एक पान ठेवलं नाही!"

काका पायरीवर बसले. थर्मामीटर खिशातून काढला, पाहिला, परत ठेवला. आमचे हे भिलाईतच वाढलेले. ते पोट धरून हसत म्हणाले, "अवं, इकडं पाला म्हणजे गोठलेलं दव! पिकं जाळते तो!"

मी रडायलाच लागले. तेव्हा काका हळूच म्हणाले, "रडू नोको. तुही काकू तीन उन्हाळ्यांआधी माहेरी गेली ना, जाताना म्हणे, या भट्टीत मी नाही राहत. इथं स्ट्रॉबेरी पिकली का मंग बोलवा मले."

"अहो, रागात म्हटलं असेल!"

"असंन. पण म्हणली तं होती."

त्या दिवसापासून ती रोपं माझीही झाली. काही मेली, पण काहींच्या मधल्या गड्ड्यातून चिमुकली घडीची पानं उलगडली. फुलं आली तोवर फाल्गुन तापायला लागला होता. काकांनी स्वतःच्या खोलीतला कूलर व्हरांड्यात आणून रोपांसमोर लावला आणि स्वतः पंख्याखाली घामाघूम झोपले. ते ड्यूटीवर गेले की वाळ्याच्या ताट्या भिजवायला मी. आमच्या फ्रिजमधला बर्फ वाळूत, आणि सासूबाईंचं सरबत कोमट. त्यांचा आवाज चढला, तरी आता भिंतीपलीकडून कोणी हाकही मारेना!

शेवटी एक स्ट्रॉबेरी लाल झाली. बोराएवढी. काकांनी चिखलदऱ्याला तार केली: "पिकली. या."

तार पोचली की लगेचच्या गाडीनं काकू निघाल्या असाव्यात. दुर्ग स्टेशनवर उतरून सकाळीच रिक्षानं दारात हजर. सोबत भली मोठी ट्रंक. काकांनी बशीत ती स्ट्रॉबेरी पुढं केली. काकूंनी डोळे मिटून खाल्ली.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

"टेम्परेचर कंट्रोलमधे होतं ना!" काका एवढ्या जोरात ओरडले की आमच्या सासूबाई बाहेर आल्या.

चहा करायला मी काकूंबरोबर आत गेले. त्यांनी स्वैपाकघराचं दार लोटलं, तोंड वाकडं केलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या,

"आंबट आहे वं पोरी, दात आंबले! पण त्यायले सांगशील नोको. मी तं पहिल्याच दिवाळीपासून ट्रंक भरून बसली होती. हा माणूस 'ये' म्हणतच नव्हता."