दादाचा मासा जेवत नाही

"दादा या माशाले काय खाऊ घालत होता?" गोविंदाने हे घरात पहिल्यांदा विचारलं तेव्हा आई भिंतीकडे पाहत राहिली आणि चारुलतावहिनी पाणी भरायला उठून गेली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा नळ गेलेला होता, तरी ती उठून गेली. दुःखाने दोघींची वाचा बसली आहे असं समजून त्याने तिसऱ्यांदा विचारलंच नाही. (गप्प बसायची अक्कल त्याला आयुष्यात एकदाच आली, ती इथे.)

दादा, म्हणजे चंद्रभान, नुकताच गेला होता. काविळीने नेलं. दवाखान्यात शेवटी शेवटी त्याने गोविंदाचं मनगट धरून सांगितलं होतं, "माह्या माशाले मरू देजो नोको." आईला सांभाळ, वहिनीकडे पाहा, असलं काही नाही. ती कामं तिसरीतून शाळा सोडलेल्या या भावाला झेपणार नाहीत, मासा तेवढा जमेल, असा त्याचा अंदाज असावा. आता मासाही जमेना.

मासा ऑस्कर जातीचा. वीतभर लांब, काळा, अंगावर निखाऱ्यासारखे डाग. सक्करदरा वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात पुढच्या खोलीत त्याची काचेची पेटी होती. गोविंदाने पोळीचा तुकडा टाकला. माशाने तोंडात घेतला, विचार केला, थुंकला. भात थुंकला. फुटाणा तर असा थुंकला की काचेवर टप्पकन वाजला. मग गोविंदा दादाचा शर्ट घालून समोर उभा राहिला, की निदान ओळखीने तरी खाईल. माशाने शर्टाकडे पाहिलं, वर तोंडाकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. गोविंदाने शर्ट काढला नाही. तसाच दिवसभर घालून फिरला.

शेवटी सायकल काढून तो महाल भागात मासेविक्या ताराचंदकडे गेला. दादाने मासा त्याच्याच दुकानातून आणला होता.

"मेलेलं नाही चालत याले," ताराचंद म्हणाला. "शिकारी आहे तो. हलतं पाह्यजे."

"घरी जिवंत नाही चालत. रविवारी जलदान आहे."

आईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: विहारातले भंतेजी येऊन चंद्रभानच्या नावाने जलदानविधी करेपर्यंत या घरात मुंगीही मरता कामा नये. पंचशील घेतलेलं घर आहे.

"मंग मेलेलंच हलव," ताराचंद म्हणाला.

गोविंदाने कणकेची गोळी दोऱ्याला बांधली आणि दोन तास पाण्यात नाचवली. भेटायला आलेल्या शेजारच्या इंदूबाई दारातच थबकल्या आणि आत जाऊन म्हणाल्या, "पोट्ट्याच्या डोक्यावर परिणाम झाला वं बाई." ते ऐकून गोविंदा भडकला. त्याने दोरा फेकला आणि गोळी बोटांत धरून हात सरळ पाण्यात घातला. माशाने गोळी सोडली, बोट धरलं, चाखलं, आणि तेही थुंकलं.

शुक्रवारी त्याने डालड्याच्या डब्यातून चार बारके जिवंत मासे लपवून आणले आणि पेटीत सोडले. (आईचा शब्द मोडला खरा, पण दादाचा शब्द आधीचा होता.) ऑस्करने त्यांना बसायला जागा करून दिली. शनिवारपर्यंत ते चौघे पोळीचे उरलेले तुकडे खाऊन चांगले गुबगुबीत झाले.

हात टेकून तो शनिवारी दुपारी पुन्हा ताराचंदकडे गेला. दुकान बंद होतं, म्हणून लवकर परतला. आई पेटीपाशी उभी होती. तिने एक झुरळ मिशांना धरलं होतं आणि ती हळूच म्हणत होती, "घे राजा."

"आई."

आईची बोटं सुटली. पाण्यात फटकन आवाज झाला आणि झुरळ दिसेनासं झालं.

"मेलेलंच होतं," आई म्हणाली.

तेवढ्यात मागच्या दारातून वहिनी आली. तिच्या हातात काड्यापेटी होती आणि काड्यापेटीतून गांडुळाचं शेपूट लोंबत होतं. सासूला पाहून ती जागीच थांबली.

"तूबी?" आईने विचारलं.

"रोज सकाळी देतो मी. आज उशीर झाला."

"अन् मी दुपारी. चंद्रभाननंच दाखवलं होतं मले."

मग वहिनीला नाकातून हसू फुटलं. हसता हसता तिने पदर तोंडात कोंबला आणि ती खाली बसली. आई तिच्याजवळ बसली.

गोविंदा पट्टी बांधलेलं बोट वर धरून उभा होता. "मले काहून नाही सांगतलं? तो पोट फुटेस्तोवर जेवून राहिला, अन् मी इथं दोरा नाचवून राहिलो."

"तुले सांगतलं असतं तं साऱ्या सक्करदऱ्याले समजलं असतं," आई डोळे पुसत म्हणाली. "भंतेजींनी काय म्हटलं असतं?"

रविवारी भंतेजी आले. दादाच्या फोटोसमोर सगळे हात जोडून बसले. जीवहत्या न करण्याचं पहिलं शील भंतेजींनी म्हटलं आणि मागून म्हणायची वेळ आली, तेव्हा आईला नेमका खोकला आला. वहिनी जमिनीकडे पाहू लागली. इंदूबाईंनी मान वळवून दोघींकडे पाहिलं.

गोविंदाने छाती भरून श्वास घेतला आणि आई, वहिनी आणि स्वतः अशा तिघांच्या वाट्याचं शील एकट्याने इतक्या मोठ्याने म्हटलं, की भंतेजींनी मिटलेले डोळे उघडले. त्या घरात ते शील न मोडलेला तो एकटाच होता. मोडायचा त्याने चार मासे आणून प्रयत्न केला होता. माशाने दाद दिली नव्हती.