पिण्यायोग्य सिनेमा

सिनेमा लागला की आमचे नाना देवपुजारी पडद्याकडे पाठ करून बसतात. टीव्हीच्या पुढ्यात वेताची खुर्ची ओढायची, तोंड आमच्याकडे करायचं आणि आम्हाला बघत राहायचं. कुणाच्या भुवया वर गेल्या, कुणी उगाच ओढणी सारखी केली, कुणाला एकदम पंख्याची पाती बघावीशी वाटली, यातलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. विनोद आला की आम्ही हसायच्या आधी ते आमच्याकडे आशेनं बघतात, आणि असं कुणी बघत असलं की माणसाला साधं ढेकर देणंही जमत नाही, हसणं तर लांबच. मग सिनेमा संपल्यावर चौकशी होते.

"वैशाली, तू छत्रीच्या जागी काऊन हसली नाहीस?"

"नाना, तुम्ही मध्ये होतात. मला छत्री दिसलीच नाही."

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते, शाळेत गणित शिकवते, आणि रविवारी दुपारी नानांच्या दिवाणखान्यात नमुना म्हणून बसते. आमच्या इंद्रपुरीच्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे. भाजीवाल्याला तर वाटतं की मला याचे पैसे मिळतात.

नाना मूळ नागपूरचे. वडील सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, तेव्हा हे त्यांचं बोट धरून आले. पुढे स्वतः सरकारी पाण्याच्या प्रयोगशाळेत लागले. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, तपासायचं आणि शेरा मारायचा, हे काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शेरा मारणं सुटलं नाही. त्यांच्या लेखी विनोदी सिनेमाच्या तीनच जाती. एक गढूळ. दुसरी उकळून चालेल, म्हणजे ऐन वेळी नानांनी मोठ्यानं खोकलं तर निभावून जातं. आणि तिसरी पिण्यायोग्य. ही तिसरी जात अजून कुणाच्या पाहण्यात आलेली नव्हती.

हे सगळं सुरू झालं गेल्या दिवाळीपासून. नानांचा मुलगा श्रीकांत बंगळुरूला असतो. तो, सून ऋचा आणि नात इरा वर्षातून एकदा, दिवाळीला येतात. गेल्या वेळी जेवणानंतर सगळे मिळून सिनेमा बघायला बसले. वर 'कौटुंबिक विनोदी' असं लिहिलेलं होतं म्हणून नाना बिनधास्त होते. थोड्याच वेळात पडद्यावर असं काही सुरू झालं की ऋचाला गॅसवरचं दूध आठवलं. श्रीकांतला फोन आला, जो वाजलाच नव्हता. इराला पाणी आणायला पाठवलं, आणि नानांच्या पत्नी नलूकाकू तिला पेला सापडत नाही म्हणून मागोमाग गेल्या.

"शेवटी खोलीत मी आणि तो नायक," नानांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं होतं. "तो आपली पँट शोधत होता. मी कुठं बघू बाप्पा?"

मला हसू फुटलं. नाना मात्र हसले नाहीत.

"कौटुंबिक म्हणे! कुठल्या कुटुंबाचं? अगं, येतात ते मोजके दिवस. त्यात अर्धा वेळ झोप आणि अर्धा वेळ लॅपटॉप. सगळे एका खोलीत बसतील अशी एक दुपार मिळते. ती तशी गेली. येत्या दिवाळीला असा सिनेमा लावीन की कुणी उठणार नाही."

त्या दिवसापासून नाना शोधाला लागले. ओळख असो-नसो, ज्याला त्याला विचारायचं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजायला पट्टा गुंडाळला की नाना विचारणार, "डॉक्टरसाब, कोई साफसुथरी कॉमेडी देखी आपने इधर?" मग रक्तदाब दोनदा मोजावा लागायचा. बिट्टन मार्केटच्या हाटात दुधीवाल्यालाही त्यांनी हेच विचारलं. तो म्हणाला, "बाबूजी, लौकी एकदम साफ है, ले जाओ." नाना दोन दुधी घेऊन आले आणि काकूंनी त्यांना दारातच उभं करून झापलं.

दर रविवारी एक नमुना तपासला जाई. परीक्षक आम्ही तिघं. मी, काकू आणि तळमजल्यावर शिलाईचं दुकान चालवणारे सलीमभाई. सलीमभाई पिढ्यान् पिढ्यांचे भोपाळी, गळ्यात कायम टेप अडकवलेली. सिनेमा बघता बघता ते पडद्यावरच्या लोकांची मापं घेतात. "को खां, इसकी शेरवानी किसने सी? कंधा उतर रिया हे," एवढंच त्यांचं परीक्षण.

एकदा एका सज्जन डॉक्टरची गोष्ट चालली होती. चांगली चालली होती. नानांचा चेहरा खुलायला लागला होता. तेवढ्यात त्या डॉक्टरच्या दवाखान्यात एक बाई आल्या आणि आमच्या तिघांच्या माना एकदम खाली गेल्या. नानांनी मागं वळूनही बघितलं नाही. आमच्या मानांवरून त्यांना परिस्थिती कळली. त्यांनी दिवाणावरची चादर ओढली आणि दोन्ही हातांनी ताणून टीव्हीपुढे धरली. आता चित्र झाकलं गेलं, पण आवाज चालूच. आणि आवाज असा की चित्र बघितलेलं बरं. चादरीमागून कुणीतरी "हळू, हळू" म्हणत होतं. काकूंनी डोक्यावर पदर घेतला.

"नाना," सलीमभाई हळूच म्हणाले, "चद्दर हटा लो खां. अब तो और बुरा लग रिया हे."

चादर काढली तर डॉक्टर त्या बाईंचा दात काढत होता. पण तोवर वातावरण गेलेलं होतं आणि नानांनी गढूळचा शेरा मारून टाकला होता.

त्यांची गाळणी नुसती कपड्यांपुरती होती असं मात्र नव्हे. एका सिनेमात तोतऱ्या माणसाची नक्कल करून सगळे हसत होते. आम्हीही जरा हसलो. नानांनी उठून टीव्हीच बंद केला. "हे तर गटाराचं पाणी आहे," म्हणाले, "तशा माणसाच्या घरी कुणी बघत असेल तर?" नानांची थट्टा करायला मला फार आवडतं, पण त्या दिवशी मला ते एकदम थोर वाटले. पुढच्या रविवारी त्यांनी नायक केळ्याच्या सालीवरून घसरला म्हणून सिनेमा नाकारला. "घसरणं इथूनच सुरू होतं," म्हणाले. तेव्हा मी तो विचार परत घेतला.

दिवाळी जवळ आली तसे नाना कासावीस झाले. आणि मग तो बकरीचा सिनेमा सापडला.

जुना, काळा-पांढरा. एका सरळमार्गी माणसाची बकरी हरवते आणि तो गावभर विचारत फिरतो. संपली गोष्ट. त्यात बाईमाणूस म्हणजे नायकाची आई आणि ती बकरी. विनोद इतका स्वच्छ होता की तो नेमका कुठं आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी उठून घरी जायच्या बेतात होते. तेवढ्यात काकूंनी साबुदाण्याचे वडे आणले. मग दह्याची चटणी आली. मग वड्यांचा दुसरा घाणा निघाला. सलीमभाईंनी तर टेप गळ्यातून काढून खिशात ठेवली. आम्ही कुणीही जागचे हललो नाही, आणि समोर नाना डोळे भरून आम्हाला बघत होते.

"कुणी उठलं नाही!" सिनेमा संपल्यावर ते जवळजवळ ओरडले. "अख्खा सिनेमा, कुणी उठलं नाही! पिण्यायोग्य!"

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे, काकूंनी रिकाम्या ताटाकडे. वडे होते म्हणून बसलो, हे त्या चेहऱ्याला कोण सांगणार?

पाडव्याच्या दुपारी नानांनी मला बोलावून घेतलं. फोनवरचा सिनेमा टीव्हीवर कसा आणायचा हे त्यांना शेवटपर्यंत जमलं नव्हतं, म्हणून रिमोट माझ्या हाती होता. घरात पुरणपोळीचा वास. रात्रभर प्रवास करून आलेली, वर तुपात न्हालेल्या पोळ्या खाल्लेली मंडळी दिवाणावर ओळीनं बसली होती. नानांनी पडदे ओढले, पंखा लावला आणि मी सिनेमा सुरू करताच आपली खुर्ची पुढे ओढली.

"आजोबा, तुम्ही तिथं काय करताय?" इरा म्हणाली. "मला बकरी दिसत नाहीये. इकडे या ना." आणि तिनं हात धरून त्यांना ओढून दिवाणावर मध्ये बसवलं.

आता नानांना लोकांचे चेहरे दिसेनात. वर्षभराचा शोध, आणि ऐन परीक्षेत डोळ्यांवर पट्टी. ते ताठ बसून बकरीच्या मालकाकडे बघत होते, बहुधा पहिल्यांदाच. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. वडे नव्हते ना आज.

बकरी हरवली. इरा एकदा खुदकन हसली. नायकानं पहिल्या घरात विचारलं, दुसऱ्या घरात विचारलं. तिसऱ्या घराशी ऋचाची मान काकूंच्या खांद्यावर कलली. काकू आधीच झोपल्या होत्या. इरा आडवी झाली आणि डोकं नानांच्या मांडीवर ठेवून गाढ झाली. श्रीकांतनं बराच वेळ नेट धरला. त्याचा फोन खिशात थरथरला, त्यानं तो काढलाही, पण बघता बघता त्याच्या हातातून तो गादीवर पडला आणि केस पिकायला लागलेला तो मुलगा बापाच्या खांद्यावर डोकं टाकून घोरायला लागला.

मला नानांचं फार वाईट वाटलं. इतका शोध घेऊन सापडलेला सिनेमा, आणि बघणारं कुणी नाही. बकरी मिळाली, गावानं टाळ्या वाजवल्या, 'समाप्त'ची पाटी आली. मी टीव्ही बंद करायला रिमोट उचलला.

नानांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. हात हलवायची सोय नव्हती. एका हातावर श्रीकांत, दुसरा इराच्या डोक्यावर. डोळे मात्र पाण्यानं डबडबलेले.

"बंद नको करू," ते नुसत्या श्वासानं बोलले. "आवाज थांबला की उठतील सगळे."

"मग काय करू?"

"पुन्हा लाव."

मी बटण दाबलं, आणि बकरी पहिल्यापासून हरवली.