दवाखान्यापासून चार पावलांवर

"भाड्याचं घर कसं निवडाव, हे लोकायनं माझ्यापासून शिकाव!" असं धम्मानंद गजभियेनं ऑफिसात आठ दिवस सलग ऐकवलं. सगळं ऑफिस स्वस्त भाड्यासाठी शहराबाहेर बेसा गावाकडे पळत असताना ह्या पठ्ठ्यानं भर शहरात, दवाखान्यांच्या धंतोलीत दोन खोल्या घेतल्या होत्या! भाडं थोडं जास्त, पण ऑफिस पायी सात मिनिटांवर. पेट्रोल बंद, बाहेरचा चहा बंद, दुपारचं जेवण घरी. महिन्याचं बजेट त्यानं असं आवळून बसवलं होतं, की फोडणीत जिरंसुद्धा विचारून पडावं!

"आन् दवाखाने चार पावलांवर," तो बायकोला म्हणाला. "अजून काय पायजे वं, दामिनी?"

दामिनीनं हे कौतुकानं आरमोरीच्या आपल्या आत्याला फोनवर सांगितलं. चूक एवढीच झाली.

तिसऱ्या दिवशी आत्या, म्हणजे यमुताई, गुडघा धरून दारात हजर! सोबत त्यांच्या सुनेची आई, आणि तिची कंबर.

"दोनच दिवस, जावईबापू! डॉक्टरनं पाहिलं का चाललो आमी."

"आपलंच घर समजा," धम्मानंद हसून म्हणाला.

डॉक्टरांनी पाहिलं आणि पुढच्या सोमवारी बोलावलं. मधल्या काळात यमुताईंनी गावाकडे फोन लावले. "अंघोळीले गरम पाणीही भेटते वं!" झालं! त्या आठवड्यात एक हर्निया आला, पित्ताशयातले खडे आले, मोतीबिंदू तर जोडीनं आले. फ्रिजमध्ये भाजीच्या जागी इन्सुलिन, खिडकीच्या गजांना एक्स-रे. दामिनी बिनतेलाची, बिनमिठाची आणि बिनतिखटाची अशा तीन खिचड्या शिजवू लागली. दोन महिने पुरायचं सिलिंडर एकोणिसाव्या दिवशी फुस्स!

"आत्याले सांग न काही," धम्मानंद स्वयंपाकघरात कुजबुजला.

"मी काहून सांगू? तुमीच त म्हटलं, आपलंच घर समजा!"

"तसं म्हणाव लागते वं! समजाव नाही लागत!"

त्याहून मोठी धास्ती खालच्या मजल्यावर राहत होती. घरमालक मनोहरराव! भाडेकरारात त्यांनी 'फक्त दोन माणसे' असं घालून घेतलं होतं. रोज सकाळी ते जिन्यातल्या चपला मोजत आणि आकडा पुटपुटत आत जात.

गुरुवारी संध्याकाळी तो ऑफिसातून आला, तर त्याच्या पलंगावर एक अनोळखी गृहस्थ त्याचीच चादर ओढून झोपलेले! उशाशी दुसरे एक जण मोसंबी सोलत बसलेले.

"या न भाऊ! मी रुपराव, हे आमचे दाजी. तुमचा पेशंट कोणता?"

"पेशंट? मी... मी इथं राहतो!"

"आमीही दुपारपासून राहूनच राहिलो न! बाई लय चांगली हाय. नवरा तेवढा चिंगूस हाय म्हणते."

धम्मानंदानं हातातली पिशवी भिंतीशी ठेवली. "तुमी यमुताईच्या ओळखीचे काय?"

"कोण यमुताई? आमाले त औषधाच्या दुकानवाल्यानं पत्ता देल्ला!"

तेवढ्यात जिन्यात मनोहररावांची जड पावलं वाजली. "गजभियेजी, जरा बाहेर या."

धम्मानंद बाहेर गेला आणि त्यानं सरळ हातच जोडले. "साहेब, उद्या सगळ्यायले पाठवतो! घर खाली करा म्हणू नका!"

मनोहरराव खाकरले. त्यांनी मागे वळून आपल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ते जाऊ द्या हो. गोंदियाहून आमचे साळे थोड्या वेळात येऊन राहिले. अँजिओग्राफी हाय त्यायची. आमच्या घरी दोन पाहुणे आधीच हायेत. म्हटलं, तुमच्याकडे एखादी गादी..."

धम्मानंदानं तोंड उघडलं, पण उत्तर आतून आलं, ते रुपरावांचं.

"येऊ द्या न गा! आमी सरकतो!"

साळे साडेसातला आले. पलंग त्यांना मिळाला. धम्मानंदाला दाराजवळ एक चटई मिळाली, आणि तीसुद्धा रुपरावांनी शब्द टाकला म्हणून!